मनाला विषबाधा होते का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या घरात एका वाक्यावरून चांगलीच जुंपलीये. भाचीने एका स्पर्धेसाठी गोष्ट लिहिलीये त्यात वाक्य आहे, 'नणंदेने भावाच्या मनावर विषप्रयोग केला.' मी म्हटलं हे चूक, विषप्रयोग खऱ्या विषाचाच असतो. तर ती म्हणते मग 'मनात विष कालवलं' कसं चालतं, ते तरी कुठे खरं विष असतं? आणि मग 'मनाला विषबाधा झाली' असं का नाही म्हणायचं?

उत्तर : भाचीचा मुद्दा बिनतोड आहे, पण वाक्य बदलायला लागणार. विष दोन्हीकडे खोटंच, गंमत विषात नाहीये, त्याला पुढे काय जोडलंय त्यात आहे.

आधी विषबाधा घेऊ. बाधा म्हणजे लागणं, त्रास होणं. पूरबाधित, कोरोनाबाधित, भूतबाधा, सगळीकडे सोसणारा दिसतो आणि करणारा कोण ते शब्द सांगतच नाही. विषबाधा पण तशीच, कीटकनाशक फवारताना होते, शिशाची होते, अन्नातून होते, तिथे कोणाचा वाईट हेतू असायलाच पाहिजे असं नाही. हा डॉक्टरच्या केसपेपरवरचा शब्द झालाय आणि म्हणूनच मनाला लावला की कथेत एकदम दवाखान्याचा वास येतो!

विषप्रयोगात 'प्रयोग' आला म्हणजे करणारा हात आला. हा पोलिसांचा आणि कोर्टाचा शब्द. विष किंवा गुंगीचं औषध देऊन इजा करणं याला भारतीय दंड संहितेत कलम 328 होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते 123 आहे. बातमी लिहिणाऱ्यांनी तर हा शब्द फार जपून वापरावा, व्हिसेराचा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांच्या तपासणीचा, रिपोर्ट यायच्या आधीच 'विषप्रयोगाने मृत्यू' असं छापलं म्हणजे कोणावर तरी खुनाचा आरोपच केला की. आणि विषप्राशन म्हणजे स्वतः पिणं. सॉक्रेटिस मात्र तिन्हीच्या मधे कुठेतरी लटकतो, प्याला स्वतःच्या हाताने तोंडाला लावला पण शिक्षा कोर्टाची. त्याला आपण विषप्राशनच म्हणतो, तरी ते थोडं खटकतंच.

आता मराठीत लाक्षणिक अर्थ राहतो तो मुख्यतः क्रियापदांत. विष चढतं, उतरतं, भिनतं, पचतं, लोक ते ओकतात, पेरतात, कालवतात. यातली बहुतेक क्रियापदं मुळात विष शरीरात कसं जातं, कसं पसरतं किंवा कसं बाहेर येतं ते सांगणारी आहेत आणि तोच रस्ता मग मनाला लागू केलाय. कालवणे बघा. कालवायला आधी काहीतरी चांगलं असावं लागतं, ते नातं असो की मैत्री, आणि एकदा कालवलं की वेगळं काढता येत नाही. भाचीच्या नणंदेने नेमकं हेच केलंय ना? मग दुसरा शब्द शोधायचाच कशाला. 'कान भरले' हे त्याच्यापेक्षा सौम्य, कान भरणारा कधीकधी खरंही सांगत असतो.

पेरणे वेगळं. पेरलेलं लगेच दिसत नाही, उगवायला वेळ लागतो, म्हणून ते समाजाबद्दल जास्त वापरतात, जातीचं विष पेरलं, द्वेषाचं विष पेरलं. विषवल्ली त्यातलीच. ओकणे म्हणजे उघड उघड, सभेत, सगळ्यांसमोर, आणि तिथे गरळ शब्द जास्त शोभतो. गरळ एकट्याने फारसा दिसतच नाही हल्ली, ओकण्यासोबतच येतो.

भिनणे मात्र बदललं. विष अंगात भिनतं तसं गाणंही रक्तात भिनतं, त्यात काही वाईट राहिलं नाही. आणि पचवणे तर थेट कौतुकाचं झालं कारण त्याच्यामागे शंकर उभा आहे, समुद्रमंथनातलं हलाहल प्यायला आणि नीलकंठ झाला, आता कोणी मुकाट्याने अपमान गिळला तरी आपण हलाहल पचवलं म्हणतो (कधीकधी उगाचच म्हणतो).

भाचीला विषप्रयोग शब्द ठेवायचाच असेल तर एक वाट आहे. वर्षानुवर्षं थोडं थोडं बोलून एखाद्याचा आत्मविश्वास संपवला तर 'हा मंद विषप्रयोगच होता' असं लिहिता येतं आणि ते लागतंही, कारण वाचकाला उपमा केलीये ते कळतं. आयुर्वेदात याला जवळचा एक फार सुंदर शब्द आहे, दूषीविष. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात तो येतो. पूर्ण न गेलेलं, जोर कमी झालेलं विष शरीरात पडून राहतं, लगेच मारत नाही आणि अनुकूल वेळ मिळाली की त्रास द्यायला लागतं. जुन्या भांडणांना याच्यापेक्षा चपखल शब्द मला तरी माहीत नाही, एखाद्या लेखकाने उचलावा.

प्रश्न : 'टॉक्सिक' माणसाला विषारी माणूस म्हणायचं का? वाचताना साप आठवतो.

उत्तर : मग विखारी म्हणा. विखार हे विषाचंच बोलीत उतरलेलं रूप, ष चा ख झालाय. मजा म्हणजे साप विषारीच राहिला आणि विखारी जवळजवळ पूर्णच माणसाच्या जिभेकडे गेला, विखारी टीका, विखारी बोलणं. फक्त विखारी माणूस बोलून दुखावतो, टॉक्सिक माणूस गोड बोलूनही तुम्हाला संपवतो, त्यामुळे तंतोतंत नाही जमत. तिथे टॉक्सिक राहू दे, त्याने काही भाषा बुडत नाही. ऑक्सफर्डने 2018 चा वर्षाचा शब्द म्हणून 'टॉक्सिक'च निवडला होता. त्याचं मूळ ग्रीकमधल्या धनुष्याच्या शब्दात आहे, बाणाला लावायचं विष म्हणून टॉक्सिक. आपल्या संस्कृतातही विषदिग्ध, म्हणजे विष माखलेले, बाण आहेतच.

प्रश्न : 'डेटा पॉयझनिंग'चं भाषांतर मी 'डेटा विषबाधा' केलं. संपादक हसले.

उत्तर : हसू नये पण बदलावं. एआयला शिकवायच्या माहितीत कोणीतरी मुद्दाम चुकीची माहिती घुसवतो त्याला डेटा पॉयझनिंग म्हणतात. मुद्दाम आलं की बाधा गेली. 'डेटात विष कालवणे' लिहा, लगेच कळतं.

प्रश्न : फूड पॉयझनिंगमधे खरंच विष असतं का?

उत्तर : कधी असतं, कधी नसतं. स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू अन्नातच विष तयार करून ठेवतात आणि ते उकळूनही सहज जात नाही, म्हणजे इथे अक्षरशः विषबाधा. साल्मोनेलामधे जिवंत जंतू पोटात जाऊन संसर्ग करतात, तरी नाव तेच. विषाणूचं पण असंच आहे, तो काही विषाचा अणू नाही. पण 'व्हायरस'चा लॅटिनमधला अर्थही विषच आणि तो शब्द आपल्या 'विष'चा लांबचा भाऊबंद, त्यामुळे विषाणू शब्द छान बसला.

प्रश्न : विषण्ण, विषाद, विषम यांच्यात विष आहे का?

उत्तर : नाही. विषण्ण आणि विषाद दोन्ही वि अधिक सद्, म्हणजे खचून बसणं. विषम म्हणजे वि अधिक सम, सारखं नसलेलं. संधीमुळे स चा ष झालाय, बाकी काही नाही.