काशीयात्रेला जाताना उतरायचे कोणत्या स्थानकावर?

प्रश्न : आई-वडिलांना घेऊन काशी, प्रयाग आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा करण्याचा आमचा विचार आहे. आरक्षण करायला बसले की वाराणसी जंक्शन, बनारस, वाराणसी सिटी, काशी आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन अशी पाच नावे समोर येतात. एकाच शहराला इतकी स्थानके कशी, आणि वयस्कर माणसांना घेऊन कोठे उतरावे?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : या पाच नावांचे मूळ गंगेत आणि इंग्रजी अमदानीतील निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांत आहे. ईस्ट इंडियन रेल्वे 1862 साली मुघलसराय (आजचे दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) भागात पोहोचली. पण काशी पलीकडच्या तीरावर आणि नदीवर पूल नाही, त्यामुळे यात्रेकरूंना उरलेली वाट नावेने काढावी लागे. 1887 मध्ये अवध-रोहिलखंड रेल्वेचा डफरिन पूल वाहतुकीस खुला झाला, तेव्हा कोठे रूळ गंगेपलीकडे गेले. स्वातंत्र्यानंतर मालवीय पूल असे नाव मिळालेल्या या पुलावर खालच्या मजल्यावरून रेल्वे आणि वरच्या मजल्यावरून रस्ता जातो. वाराणसी सिटी आणि मंडुवाडीह (आजचे बनारस) ही स्थानके मात्र बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न या तिसऱ्याच कंपनीच्या मीटरगेज मार्गावरची. ही वाटणी आजही पुसली गेलेली नाही : वाराणसी जंक्शन उत्तर रेल्वेकडे, बनारस व सिटी पूर्वोत्तर रेल्वेकडे, तर दीनदयाळ उपाध्याय जंक्शन पूर्व मध्य रेल्वेकडे आहे.

गोंधळात भर पडते ती नामांतरांमुळे. जुन्या माणसांच्या तोंडी असलेले मुघलसराय 2018 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले आणि मंडुवाडीह 2021 मध्ये बनारस झाले. वाराणसी जंक्शनला मात्र रिक्षावाल्यापासून हमालापर्यंत सगळे ‘कॅन्ट’ म्हणतात, तेव्हा तेथे पोहोचल्यावर हाच शब्द वापरावा. तिकिटावर नावापेक्षा संक्षिप्त अक्षरे पाहिलेली बरी : बीएसबी म्हणजे कॅन्ट, बीएसबीएस म्हणजे बनारस आणि डीडीयू म्हणजे जुने मुघलसराय.

आपल्यासाठी कॅन्ट हेच उत्तम. जळगाव-भुसावळमार्गे येणारी महानगरी एक्सप्रेस तेथपर्यंत जाते, आणि तेथून विश्वनाथ मंदिराजवळच्या गोदौलिया चौकाच्या बाजूला जाण्यास वाहने सहज मिळतात. विश्वनाथ मंदिर आणि दशाश्वमेध घाट परिसरातील गर्दीमुळे वाहन बरेचदा अलीकडेच सोडावे लागते व पुढे पायी जावे लागते. आई-वडिलांच्या दृष्टीने ही गोष्ट स्थानकाच्या निवडीइतकीच महत्त्वाची असल्यामुळे मुक्कामाची जागा ठरवताना घाटापर्यंतचे चालणे किती, याची चौकशी आधी करावी. बनारस स्थानकही याच तीरावर, रेल्वे इंजिनांच्या कारखान्याच्या परिसराजवळ आहे. आपली गाडी तेथेच संपत असेल तर काही बिघडत नाही.

दीनदयाळ उपाध्याय जंक्शन वाराणसीचे म्हणून दाखवले जात असले तरी ते चंदौली जिल्ह्यात आणि गंगेच्या पलीकडे आहे. हावडा मेलसारखी गाडी शहरात न शिरता तेथूनच पुढे जाते, आणि रात्री-अपरात्री सामानासह उतरून पुलापलीकडे जाणे वृद्धांना जड जाते. मात्र गयेला जाताना याच स्थानकाचा उपयोग होतो, कारण गयेकडे जाणारा ग्रँड कॉर्ड मार्ग येथूनच फुटतो. कॅन्टवरून सोयीची गाडी न मिळाल्यास दिवसाउजेडी मोटारीने येथे येऊन गयेची गाडी धरावी.

काशी हे नाव पाहून अनेकांना मोह होतो. हे छोटे स्थानक पुलाच्या पश्चिम टोकाशी, राजघाटाजवळ आहे. पण लांब पल्ल्याच्या फार थोड्या गाड्या तेथे थांबतात. नावासाठी तेथे उतरण्याचा हट्ट धरू नये. मिर्झापूर-चुनारकडून येणारी आपली गाडी दीनदयाळ जंक्शन सोडून कॅन्टकडे निघाली, तर आई-वडिलांना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसवावे, म्हणजे लोखंडी तुळयांच्या फटींतून घाटांची रांग दिसते. प्रयागहून झुशीमार्गे येणारी गाडी या पुलावरून येत नाही.

प्रयागचे आरक्षण करतानाही हीच काळजी घ्यावी. प्रयागराज छिवकी हे स्थानक यमुनेच्या दक्षिणेला, नैनीच्या बाजूस आहे. मुख्य शहरात जायचे असल्यास प्रयागराज जंक्शनला थांबणारी गाडी पाहावी, आणि छिवकीलाच उतरावे लागणार असेल तर संगमापर्यंतचे वाहन आधी ठरवून ठेवावे.