हात वर करायला सांगण्याआधी

सस्नेह आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. वर्गाने तुला प्रतिनिधी निवडलं, वर्षअखेरीला सगळ्यांनी मिळून काय करायचं यावर तू मतं घेतलीस, नाटक ठरलं, आणि आता तालमीला सात जणसुद्धा जमत नाहीत. शेवटी तू विचारलंस, ‘बाई, माझ्यात नेतृत्वगुण नाहीत का?’ या शब्दाचा मला जरा कंटाळा आहे. वक्तृत्व स्पर्धेत तो शोभतो. आपण त्या दिवशी वर्गात काय झालं ते बघू.

तू आकडे कळवलेस हे फार बरं केलंस. ३९ जणांत नाटकाला १६, सहलीला १२, प्रदर्शनाला ११. तू लिहितेस, ‘बहुमताने नाटक ठरलं.’ अगं, बहुमत कुठलं? सर्वांत जास्त मतं नाटकाला पडली, एवढंच. २३ जणांना दुसरंच काही हवं होतं आणि आता त्यांनाच तू संवाद पाठ करायला लावते आहेस. त्यांतल्या किती जणांना नाटकही चाललं असतं आणि किती जणांना ते अजिबात नको होतं, हे तुला ठाऊक नाही. तसा प्रश्नच कुणी विचारला नव्हता. हात मोजण्याऐवजी चिठ्ठीवर ‘यांतलं जे जे चालेल ते सगळं लिहा’ एवढं सांगितलं असतंस तरी चित्र निराळं दिसलं असतं.

पर्याय तीन झाले की मतमोजणी फसवी होते. कोंदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1785 मध्येच हे दाखवून दिलं होतं. समज, तुमच्या वर्गाचे तेरा-तेराचे तीन गट आहेत. पहिल्याची पसंती सहल, नाटक, प्रदर्शन अशा क्रमाने. दुसऱ्याची नाटक, प्रदर्शन, सहल. तिसऱ्याची प्रदर्शन, सहल, नाटक. आता दोन-दोन पर्याय समोर ठेवून हात मोज. सहल नाटकाला हरवते, नाटक प्रदर्शनाला हरवतं आणि प्रदर्शन सहलीला हरवतं, प्रत्येक वेळी २६ विरुद्ध १३. म्हणजे आधी कुठली जोडी फळ्यावर लिहायची हे जो ठरवेल, त्याच्या मनासारखं होणार. खडू तुझ्या हातात असतो, तेव्हा हे कागदावर एकदा स्वतः करून बघ.

पण मला खरी काळजी वाटते ती त्या वर गेलेल्या हातांची. तू लिहिलंस की आधी ‘मला वाटतं नाटक छान होईल’ असं तू म्हणालीस, मग पुढच्या बाकांवरचे हात वर गेले, मग मागचे. हा क्रम मला पुरता ओळखीचा आहे.

सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात अमेरिकेत महाविद्यालयातल्या मुलांवर काही प्रयोग केले. एक रेघ दाखवायची, शेजारी तीन रेघा, आणि पहिलीएवढी लांब कुठली ते मोठ्याने सांगायचं. लहान मूलही चुकणार नाही इतकं सोपं. पण गटातले बाकी सगळे ॲशने आधीच पढवून ठेवलेले असत आणि ठरलेल्या बारा वेळा ते एकजात चुकीचं उत्तर देत. खरा परीक्षार्थी एकटाच, त्याची पाळी शेवटाकडे. सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून इतरांची री ओढली. इथपर्यंतचं पुष्कळांना माहीत असतं. मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. गटात एक जण जरी खरं बोलला, तरी री ओढणं झपाट्याने कमी झालं. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही तसंच झालं. माणसं तशीच, रेघा त्याच.

तुझ्या वर्गात तर रेघा मोजायच्या नव्हत्या, मैत्रिणीला दुखवायचं की नाही हे ठरवायचं होतं. म्हणून आधी चिठ्ठ्या, मग चर्चा, आणि तुझं मत सगळ्यांत शेवटी. तुझं मत चांगलं असेल, पण ते तू पहिलं बोललीस की भिडस्त मुलांपुढचा दरवाजा लागतो. पाचामुखी परमेश्वर म्हणतात खरं, पण पाचांनी तोंड तर उघडायला हवं!

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, चुकून शिकले आहे. नवी शिक्षिका होते तेव्हा भित्तिपत्रकाचं काम शाळा सुटल्यावर करायचं ठरवलं. ‘सगळ्यांना मान्य?’ असं विचारलं, वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणाला. एक मुलगा कधीच थांबला नाही. मी त्याला सगळ्यांदेखत बेजबाबदार म्हटलं. पुष्कळ दिवसांनी कळलं की घरी धाकट्या भावाला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, ‘मग तेव्हाच बोलला का नाहीस?’ तो म्हणाला, ‘सगळे हो म्हणाले ना, बाई.’

त्याच्याजवळ जी माहिती होती ती बाकी कुणाजवळच नव्हती, आणि तीच बाहेर आली नाही. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये चार-चार विद्यार्थ्यांचे गट करून विद्यार्थी अध्यक्षपदासाठी काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. गट फिरून फिरून सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवर बोलत राहिले. एकेकट्याकडे दिलेली माहिती बहुतेक वेळा त्याच्या खिशातच राहिली. तेव्हा ‘कुणाला काही बोलायचंय?’ असं मोघम विचारू नकोस. ‘यात तुला काय अडचण येईल?’ असं एकेकाला, नाव घेऊन विचार. वेळ लागतो. लागू दे.

आता नाटकाचं काय? लगेच रद्द करू नकोस आणि रागावूही नकोस. उद्या प्रत्येकाकडून नाव न घालता एक ओळ लिहून घे: तालमीला का येता येत नाही. वेळेची अडचण निघाली तर वेळ बदल. ‘मला हे नकोच होतं’ अशा चिठ्ठ्या ढीगभर निघाल्या तर वर्गासमोर सरळ सांग की मी घाईने ठरवलं, पुन्हा ठरवू. त्याने तुझा मान कमी होत नाही. झालाच तर दोन दिवस होईल.

तालीम मार्गी लागली की एक दिवस मुद्दाम उशिरा जा. कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1939 मध्ये मुलांच्या गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गटात पुढारी सगळं स्वतः ठरवायचा, तिथे तो खोलीबाहेर गेला की काम मंदावायचं. जिथे मुलांनी मिळून ठरवलेलं असायचं, तिथे ते चालू राहायचं. तू नसताना तिथे काय चाललेलं असतं, ते मला कळव.

आणि चिठ्ठ्या घरी नेऊन एकटीने वाचू नकोस. दोघातिघांसमोर उघड. त्यांतला एक तरी सहलवाला असू दे.

तुझ्या,
बाई