‘एका कलमाचे मालक व्हा’ : वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

या महिन्यात तीन पत्रांना उत्तरं देते आहे. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तशीच पत्रकं मी गेल्या दोन वर्षांत रत्नागिरीच्या माझ्या ऑफिसात बऱ्याच जणांच्या हातात पाहिली.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातला, वय ३४. कोरोनात मुंबईची नोकरी गेली तेव्हा गावी आलो आणि आजोबांची ११० हापूस कलमं बघायला लागलो. खत, फवारण्या, राखण, तोडणीची माणसं, सगळ्याला आधी पैसा लागतो. वाशीच्या दलालाकडून उचल घेतली की तो म्हणेल त्या भावाला माल घालावा लागतो, ते आता नको. म्हणून एक योजना काढली, ‘एका कलमाचे मालक व्हा’. चाकरमान्याने ५० हजार द्यायचे. एका कलमावर त्याच्या नावाची पाटी. दरवर्षी चार पेट्या आंबे, वर १० टक्के हमखास, पाच वर्षांनी मुद्दल परत. पत्रक छापलं, गावच्या आणि मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. ४० जण जमवायचे आहेत, ११ जणांनी पैसे दिले. आता ठाण्याचा एक मित्र म्हणतो, ही ठेव झाली, हिला ‘सभासद वर्गणी’ म्हण, मग प्रश्न मिटला. खरंच मिटेल का? मला कोणाला बुडवायचं नाही.

उत्तर : नाही मिटणार. आणि हे उत्तर पुरं वाचायच्या आधी ग्रुपवरचं पत्रक काढून टाका.

कोणाला बुडवायचा तुमचा विचार नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बुडवायचं असतं तर तुम्ही पत्र लिहिलं नसतं. पण या कायद्यांत गुन्हा घडायला बुडवण्याची गरज नसते. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना प्रतिबंध कायद्यात, ज्याला आम्ही वकील ‘बड्स’ म्हणतो, तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. परवानगी नसलेल्या योजनेसाठी लोकांना नुसतं आवाहन केलं तरी १ ते ५ वर्षं कैद. पैसे घेतले तर २ ते ७ वर्षं आणि ३ ते १० लाख दंड. लबाडीने बुडवले तर त्याची शिक्षा आणखी वरची. तुम्ही पहिल्या दोन पायऱ्या चढून बसला आहात, आणि तिथे कोणी तुमचा हेतू विचारत नाही.

तुमचं पत्रक मी लाल पेन घेऊन वाचलं. पहिली खूण ‘हमखास १० टक्के’वर, दुसरी ‘मुद्दल परत’वर. आंबे घटकाभर बाजूला ठेवा. उरतं काय? पैसे घ्यायचे, मुदतीने परत करायचे, मधल्या काळात व्याज द्यायचं. ही ठेव. धंद्याशी खरा संबंध असलेली रक्कम ठेव धरत नाहीत अशी एक सवलत त्या कायद्यात आहे, आणि तुमच्या वतीने तो मुद्दा कोर्टात मांडणारा वकीलही मिळेल. पण तुमचं स्वतःचं पत्रकच त्याच्या विरोधात साक्ष देईल. शिवाय महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, एमपीआयडी, ठेवीची व्याख्या करताना परतफेड पैशांत असो, वस्तूंत असो वा सेवेत असो, सगळं पोटात घेतो. आंब्याच्या पेट्या ‘वस्तूंत’ येतात. एखाद्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर झडला, तुमचे पैसे थकले आणि दोघा-तिघांनी तक्रार केली, तर त्या कायद्याखाली जप्ती येते. जप्तीत पहिली तुमची बागच जाईल.

तिसरी खूण ‘मालक’ या शब्दावर. इथे सेबीचा, म्हणजे शेअर बाजार आणि गुंतवणूक योजनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा कायदा लागतो, कलम ११एए. अनेकांचे पैसे एकत्र करून वापरायचे. त्यांनी ते नफा, उत्पन्न, माल किंवा मालमत्ता मिळेल म्हणून दिलेले. कारभार दुसऱ्याच्या हाती. आणि पैसे देणाऱ्याला रोजच्या कामात हात घालता येत नाही. हे चारही जुळलं तर ती ‘सामूहिक गुंतवणूक योजना’ होते, आणि ती सेबीकडे नोंदलेल्या कंपनीलाच काढता येते. तुमचा डोंबिवलीचा ‘मालक’ मे महिन्यात येणार, पाटीशेजारी उभा राहून फोटो काढणार आणि पेट्या घेऊन जाणार. फवारणी कधी करायची, कोणत्या कलमाची फळं आधी उतरवायची, हे तुम्हीच ठरवणार. चारही अटी जुळतात.

आणि मालकीचं म्हणाल तर सातबारा कोणाच्या नावावर आहे? तुम्ही ‘आजोबांची कलमं’ लिहिलंत. आमच्याकडे आजोबांची म्हणजे बहुतेक वेळा नऊ-दहा नावांची. जी बाग कागदावर तुमच्या एकट्याची नाही, तिच्यातल्या कलमाला पाटी लावून तिसऱ्याला मालक करता येत नाही.

मी इतकी कडक का बोलते आहे तेही सांगते. १९९५ साली माझ्या वडिलांनी, ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले २० हजार रुपये एका सागवान लागवडीच्या कंपनीत घातले. वीस वर्षांनी लाखो रुपये होणार होते. हिरव्या कडांचं एक जाड सर्टिफिकेट आलं, त्यावर झाडाचं चित्र आणि झाडांचे क्रमांक. ती झाडं कुठल्या गावात, कुठल्या सर्व्हे नंबरात आहेत, हे कधीच कळलं नाही. तेव्हा अशा कंपन्या देशभर होत्या आणि त्यांच्यावर नेमकी देखरेख कोणाची, हेच ठरलेलं नव्हतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये सरकारने त्या सेबीच्या अखत्यारीत आणल्या, नियम १९९९ मध्ये आले. तोवर आमची कंपनी पत्रांना उत्तर द्यायची बंद झाली होती. वडील ते सर्टिफिकेट शेवटपर्यंत पोथीच्या फडक्यात गुंडाळून ठेवत. आता ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुमचं पत्रक समोर ठेवलं तेव्हा मी ते काढून शेजारी ठेवलं. तुमची कलमं खरी आहेत, हाच काय तो फरक, आणि तो मोठा आहे. म्हणून तर तुमची बाग वाचावी असं मला वाटतं.

मित्राच्या सल्ल्याबद्दल. नाव बदलणं ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी युक्ती आहे. वर्गणी म्हणा, देणगी म्हणा, भागीदारी म्हणा. अधिकारी आणि न्यायाधीश व्यवहार काय झाला ते बघतात. उलट नाव बदललेलं दिसलं की यांना आधीपासून ठाऊक होतं, असा अर्थ निघतो.

आता आकडेमोड करू, कारण माझ्या मते खरा तोटा तिथे आहे. पेटी नुसती ३ हजारांना धरली तरी चार पेट्यांचे १२ हजार. वर व्याजाचे ५ हजार. ५० हजारांवर वर्षाला १७ हजार, म्हणजे ३४ टक्के. ४० जण जमले तर वर्षाला ६ लाख ८० हजार, कलमं धरोत वा न धरोत. ज्या दलालाच्या उचलीतून सुटायला निघालात, त्याच्याहून हे ओझं जड आहे. किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं. सातबाऱ्यावरच्या बाकीच्यांची संमती बँक सहसा मागते. ती गणपतीत घ्या, सगळे एकाच ओटीवर सापडतात.

चाकरमान्यांना सोडायची गरज नाही. त्यांना आंबा विका. जानेवारीत आगाऊ बुकिंग घ्या, या हंगामाच्या इतक्या पेट्या, अमुक दर, अमुक तारखेपर्यंत पोचवणार. मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ही ठेव नाही. पण एक काळजी घ्या. माल देता आला नाही आणि पैसे परत करायची वेळ आली, तर १५ दिवसांत परत करा. पुढे ते ठेवीत मोजले जातात. बुकिंग एकाच हंगामाचं ठेवा आणि पावतीवर ‘गुंतवणूक’, ‘परतावा’, ‘हमखास’ यांतला एकही शब्द नको.

घरच्यांकडून कर्ज घ्यायला कायद्याची हरकत नाही, पण ‘नातेवाईक’ म्हणजे कोण हे कायद्याने ठरवलेलं आहे. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, सख्खे आणि सावत्र भाऊ-बहीण, आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. चुलतभाऊ या यादीत सहसा बसत नाही. कोकणात सगळी वाडी भावकी असते, कायद्याची भावकी एवढी मोठी नाही. चुलतभावाने अडीअडचणीला एकदा दिलेलं हातउसनं वेगळं. पत्रक छापून वाडीभर गोळा करणं वेगळं.

ते ११ जण. ५ लाख ५० हजार त्यांना बँकेतूनच परत करा, रोख नको, आणि प्रत्येकाकडून पोच घ्या. काही खर्च झाले असतील तर नेमके किती ते मला कळवा. त्याची मांडणी कागदावर नीट करावी लागेल, ती इथे सांगण्यासारखी नाही. ज्यांना आंबेच हवे आहेत त्यांच्याकडून वेगळी, नवी ऑर्डर लिहून घ्या. हे याच आठवड्यात करा.

प्रश्न : मी चिपळूणची, वय ६८. पतीच्या निवृत्तीचे ९ लाख आमच्या इथल्या एका पतसंस्थेत ठेवले आहेत. तिथले साहेब म्हणाले, ‘काकू, ५ लाखांचा विमा असतो, रिझर्व्ह बँकेचा.’ उरलेल्या चार लाखांचं काय करू?

उत्तर : काकू, तुम्ही चार लाखांचं विचारता आहात, पण विमा पहिल्या पाच लाखांनाही नाही.

५ लाखांचा ठेव विमा, जो ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख झाला, तो बँकांतल्या ठेवींना आहे. त्यात नागरी सहकारी बँका येतात. पतसंस्था ही बँक नाही. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, तिच्यावर देखरेख सहकार खात्याची, आणि तो विमा तिला लागू होत नाही. साहेबांनी अजाणता सांगितलं असेल, पण चुकीचं सांगितलं.

घाबरून उद्याच सगळं मोडू नका. कोकणात नीट चाललेल्या पतसंस्था आहेत, आणि अडल्या वेळी खावटीला त्याच उभ्या राहिल्या आहेत. पण तुम्ही तिथल्या सभासद आहात; तो हक्क वापरा. गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल मागा. लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला ते विचारा, ‘अ’ की ‘क’. थकीत कर्ज किती, ते अहवालात असतं. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. माझं मत विचाराल तर औषधपाण्याचा आणि रोजच्या खर्चाचा पैसा विमा असलेल्या बँकेत हवा. एकाच बँकेच्या दोन शाखांत विभागून उपयोग नाही, शाखा कितीही असल्या तरी त्या बँकेतल्या तुमच्या ठेवी एकत्र मोजतात. मुदत संपेल तशी एकेक पावती हलवा.

प्रश्न : मी सावंतवाडीची, विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वित्तीय नियमनाचा वकील म्हणजे नक्की काय करतो? आई विचारते, ‘कोर्टात जायचा नाय तर पैसे खंय गावतले?’

उत्तर : आईला सांग, काम भरपूर आहे, फक्त ते भांडणाच्या आधीचं आहे.

मी मुंबईत फोर्टला एका ऑफिसात नऊ वर्षं काढली. सकाळी पहिलं काम म्हणजे रिझर्व्ह बँक आणि सेबी यांच्या वेबसाइटवर काल रात्रीपर्यंत काय आलं ते वाचणं. प्रत्येक परिपत्रकाला तीन प्रश्न विचारायचे. कोणाला लागू? कधीपासून? पूर्वीचं काय रद्द झालं? मग ज्या अशिलाला ते लागू असेल त्याला फोन. उदाहरण घे. सप्टेंबर २०२२ मध्ये मोबाइलवरच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने नियम आणले, कर्जाची रक्कम मधल्या कोणाच्या खात्यात न जाता थेट कर्जदाराच्या खात्यात जमा झाली पाहिजे. वाक्य एका ओळीचं आहे. पण ॲप चालवणाऱ्या कंपनीला पैशांचा पूर्ण प्रवास बदलावा लागला, आणि प्रत्येक करार आम्ही ओळीओळीने पुन्हा लिहिला.

दुसरं उदाहरण. एखादी कंपनी येऊन म्हणते, आमचा धंदा फर्निचरचा, जमेल तसं कर्जही देतो. तिला रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते का? ताळेबंद उघडायचा. एकूण मालमत्तेत वित्तीय मालमत्ता निम्म्याहून जास्त आणि एकूण उत्पन्नात त्यातून आलेलं उत्पन्नही निम्म्याहून जास्त, दोन्ही झालं तर ती वित्तीय कंपनी, दारावरची पाटी फर्निचरची असली तरी. त्यामुळे ताळेबंद वाचायला शीक. कायद्याच्या पुस्तकापेक्षा मला त्याने जास्त तारलं.

आणि ‘नाही’ म्हणायला शीक. अशील मोठी फी घेऊन समोर बसलेला असतो, त्याला फक्त ‘चालेल’ ऐकायचं असतं. देवगडच्या भावाला ‘नाव बदल’ सांगणं सोपं होतं.

कोकणात राहून हे होतं का? मी सहा वर्षं करते आहे. परिपत्रकं इथेही त्याच वेळी उघडतात, सुनावण्या बऱ्याचदा ऑनलाइन होतात. मुंबईला महिन्यातून एक फेरी, तुतारी एक्सप्रेसने. इथली अशिलं वेगळी, बागायतदार, मच्छीमार सोसायट्या, पतसंस्थांचे संचालक, होमस्टे काढणारी मुलं. फी कमी मिळते. पण पैसे देण्याआधी विचारायला येणारी माणसं हल्ली वाढली आहेत, मी आले तेव्हा वर्षभरात दोनच आली होती.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, तेव्हा रत्नागिरीला ये. नावगाव खोडलेली चार-पाच पत्रकं मी जपून ठेवली आहेत. लाल पेन घेऊन तू खुणा कर, मग मी माझ्या खुणा दाखवते.