विमानामागची पांढरी रेघ

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी फुटाळ्याच्या काठी बसले असता उंचावरून जाणाऱ्या विमानांमागे पांढऱ्या रेघा दिसतात. काही लगेच मिटतात, तर काही तासभर राहून ढगासारख्या पसरतात. सोनेगावला उतरणाऱ्या विमानांमागे मात्र अशी रेघ दिसत नाही. हा धूर आहे की, काही जण सांगतात त्याप्रमाणे, मुद्दाम फवारलेले रसायन? आणि याने हवामान बदलते का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ही रेघ धुराची नाही आणि फवारलेल्या रसायनाची तर नाहीच, ती बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकांची आहे. विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे केरोसीन. ते एक किलो जळले की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. ही उष्ण, दमट हवा बाहेरच्या उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून थंड हवेत मिसळली की वाफ प्रामुख्याने काजळीच्या कणांवर जमते आणि तिचे थेंब क्षणात गोठतात. नीट पाहिल्यास इंजिन आणि रेघ यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा आढळेल. उकळत्या किटलीच्या तोटीशी वाफ दिसत नाही आणि बोटभर पुढे गेल्यावरच पांढरी होते, तसेच हे आहे. आपल्या अक्षांशावर इतकी थंड हवा साधारणपणे दहा किलोमीटरच्या वरच सापडते. त्यामुळे दिल्लीहून दक्षिणेकडे किंवा मुंबईहून कोलकात्याकडे जाताना आपल्या आसपासचे आकाश ओलांडणाऱ्या विमानांमागे रेघ उमटते, सोनेगावला उतरणाऱ्यांमागे नाही.

रेघ किती वेळ टिकेल, हे मात्र मुख्यतः त्या थरातील आर्द्रता ठरवते. हवा कोरडी असेल तर स्फटिक मिनिटभरात विरून जातात; पण बर्फाशी समतोल राखण्यास लागते त्याहून अधिक बाष्प तेथे असेल, तर स्फटिक सभोवतालचे बाष्प ओढून घेत वाढतात आणि वाऱ्याने पसरून त्यांचा तंतुमेघांसारखा पातळ पडदा होतो. त्या पडद्यातील बहुतेक पाणी विमानाचे नसून वातावरणाचेच असते. म्हणूनच काहीशे मीटर खालून-वरून गेलेल्या दोन विमानांपैकी एकाचीच रेघ टिकते. हे कोणाच्या हेतूचे लक्षण नाही, आणि रसायनाची भीती बाळगणाऱ्या परिचितांना आपण एवढे जरूर सांगावे.

आता हवामानाविषयी. दिवसा हा पडदा थोडा सूर्यप्रकाश परतवतो, पण जमिनीतून वर जाणारी उष्णता तो दिवसरात्र अडवतो. रात्री परतवण्यास ऊन नसल्यामुळे केवळ उष्णता अडवणेच उरते. एकूण हिशेब तापण्याच्या बाजूने झुकतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २०१८ साली या रेघांचा व त्यांतून झालेल्या ढगांचा तापवणारा परिणाम दर चौरस मीटरला सुमारे ५७ मिलिवॅट होता, तर विमानांनी १९४० पासून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ३४. पहिल्या आकड्यातील अनिश्चितता मोठी आहे, तो १७ ते ९८ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. तरीही विमानाचा दोष केवळ इंधनाच्या धुरात मोजणे अपुरे आहे, हे यावरून मान्य करावे लागते.

मला यातील सर्वांत आशादायक गोष्ट ही वाटते की हा परिणाम सर्व उड्डाणांत सारखा विभागलेला नाही. जपानच्या आकाशातील उड्डाणांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अवघ्या २.२ टक्के उड्डाणांकडे ८० टक्के परिणाम जात असल्याचे आढळले. मोजक्या विमानांची उंची थोडी बदलली, तरी बरेच साधते. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० उड्डाणांवर हा प्रयोग केला, तेव्हा रेघांचे प्रमाण ५४ टक्क्यांनी घटले आणि त्या उड्डाणांना सुमारे २ टक्के अधिक इंधन लागले.

त्या अधिक इंधनाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण रेघेपासून बनलेला ढग साधारणपणे दिवसभरात नाहीसा होतो, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. रेघ टिकण्याची खात्रीलायक शक्यता असेल तेथेच उंची बदलणे योग्य, आणि ही खात्री देणे आज सर्वांत कठीण आहे, कारण त्या गोठलेल्या थरातील आर्द्रतेची मापे थोडी आणि सदोष असतात. आपण ज्या सोनेगावचा उल्लेख केला आहे, तेथूनच हवामान खात्याचे फुगे तापमान व आर्द्रता मोजणारी उपकरणे घेऊन वर जातात. परंतु सुमारे अकरा किलोमीटरवरील थंडीत त्यांच्यावरील आर्द्रतामापकही मंदावतो, आणि रेघ टिकणार की मिटणार हे ठरते ते नेमके त्याच थरात.