आय ट्रॅकिंगवरून एखाद्याला वेबसाइट किती वापरता येते हे कळतं का?

ज्येष्ठ नागरिकांच्या संगणक वर्गाआधी आणि वर्गानंतर आय ट्रॅकरनं त्यांची नजर टिपली, तर त्यांची प्रगती मोजता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण नुसत्या नजरेवर निकाल देऊ नका. मी वेबसाइटच्या चाचण्या घेतो आणि त्यात हे यंत्र वापरतो, त्या अनुभवावरून सांगतो.

यंत्र डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतं आणि बाहुलीचा मध्य व कॉर्नियावरची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरची) चमक यांवरून नजर पडद्यावर कुठे आहे ते काढतं. वाचताना नजर सरकत नाही, ती साधारण 200 ते 300 मिलिसेकंद थांबते आणि उडी मारते. त्या थांबण्याला फिक्सेशन म्हणतात. एखाद्या बटणावर नजर बराच वेळ थांबली, तर माणूस ते लक्ष देऊन वाचत असेल किंवा पुरता गोंधळलेला असेल. आलेखात दोन्ही सारखंच दिसतं.

तरीही मला हे यंत्र मोलाचं वाटतं, ते एका गोष्टीसाठी. एका काकूंना वीजबिल भरायला सांगितलं होतं. बराच वेळ क्लिकच नाही. रेकॉर्डिंग पाहिलं तर नजर सुरुवातीलाच ‘क्विक पे’ या बटणावर गेलेली, तिथून खालच्या मराठी सूचनांवर, परत बटणावर, पुन्हा सूचनांवर. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “ते दाबलं की लगेच पैसे कापले जातील असं वाटलं.” दुसऱ्या एका काकांची नजर त्या बटणापर्यंत पोचलीच नव्हती, ते वरच्या मेन्यूतच फिरत राहिले. काम दोघांचंही अर्धवट राहिलं. पण काकूंची भीती घालवायला हवी आणि काकांना पानावर कुठे काय शोधायचं ते शिकवायला हवं. क्लिकच्या नोंदीत हा फरक कधीच सापडला नसता.

म्हणून काम पूर्ण झालं का, किती वेळ लागला, नजर योग्य जागी पोचली का आणि पोचल्यावर पुढे काय केलं, हे सगळं एकत्र बघा. काम चालू असताना बोलायला लावू नका, बोलण्यानं नजरेची वाट बदलते. संपल्यावर रेकॉर्डिंग दाखवत विचारा. सूचनाही सगळ्यांना त्याच शब्दांत द्या. सोव्हिएत शास्त्रज्ञ यार्बुस यांनी रशियन चित्रकार रेपिनचं एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले होते, तर प्रश्नागणिक नजर वेगळीकडे फिरली. हीटमॅप (नजर जिथे जास्त थांबली तो भाग भडक रंगात दाखवणारं चित्र) अहवालात छान दिसतो, पण कोणी आधी काय पाहिलं हेच त्यात पुसलं जातं. मी त्यावर निष्कर्ष काढत नाही.

वयोवृद्धांच्या बाबतीत प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला) आणि खाली आलेल्या पापण्या कॅलिब्रेशनला, म्हणजे यंत्र त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवून घेण्याला, त्रास देतात, तेव्हा काहींची नोंद वाया जाणार हे धरूनच माणसं निवडा. साठ सेंटिमीटरवरून अर्ध्या अंशाची चूक म्हणजे पडद्यावर सुमारे पाच मिलिमीटर, त्यामुळे चिकटून असलेल्या दोन ओळींपैकी नेमकी कुठली पाहिली हे छातीठोकपणे सांगता येत नाही. वयामुळे नजर थोडी सावकाश होते, त्याला अडाणीपणा समजू नका. प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदीशी करा. आणि वर्गानंतरच्या चाचणीला तीच साइट देऊ नका, तितकीच अवघड दुसरी द्या. नाहीतर तुम्ही त्यांची आठवण मोजाल.