सुभद्रेची भूमिका हुकली, म्हणून नाटकाचा विचार सोडावा का?

प्रश्न : आम्ही घणसोलीला राहतो. माझी मुलगी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. ती लहानपणापासून शास्त्रीय गाणे शिकते आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. ठाण्यातील एका हौशी नाट्यसंस्थेने ‘संगीत सौभद्र’साठी घेतलेल्या ऑडिशनमध्ये तिचे पद (नाटकातील गाणे) अर्ध्यात थांबवून तिला गद्य वाचायला सांगितले. सुभद्रेची भूमिका संस्थेच्या एका कार्यकर्त्याच्या भाचीला मिळाली, जी हिच्याइतकी गात नाही. हिच्या वाट्याला नांदी (नाटकाच्या सुरुवातीचे मंगलगीत) आणि एका सखीची चार वाक्ये आली आहेत. तेव्हापासून तिने रियाज बंद केला आहे. मी दिग्दर्शकांशी बोलावे का? पदवीनंतर नाट्यशिक्षण घ्यायचे तिने ठरवले होते. तो विचार आता सोडून द्यावा का? — एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातील जी गोष्ट तुम्हाला अपमानाची वाटली, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गाणे आवडले नाही म्हणून पद थांबवले, असा अर्थ काढण्याची घाई करू नका. तयारीच्या गळ्याचा अंदाज जाणकाराला पहिल्या दोन ओळींत येतो. त्यापुढे त्याला तिच्या ताना ऐकायच्या नसतात, तर ती बोलते कशी हे पाहायचे असते. मराठी रंगभूमीचे आद्य नाटककार विष्णुदास भाव्यांच्या खेळांत पदे मुख्यतः सूत्रधार म्हणत असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणताना ती पात्रांच्याच तोंडी दिली, आणि तेव्हापासून संगीत नाटकातील नटाला बोलता बोलता गाण्यात शिरावे लागते व गाणे संपताच पुन्हा संवादाला यावे लागते. हा सांधा ज्याला जमतो त्याला भूमिका मिळते, मग त्याचा गळा थोडा कमी तयारीचा असला तरी चालतो. ख्याल, म्हणजे मैफलीचे शास्त्रीय गाणे, शिकलेल्या मुलांची नेमकी येथेच अडचण होते. ती संवाद कागदात पाहून एका सुरात वाचून टाकतात आणि पद आले की मैफलीला बसल्यासारखी सावरून बसतात. तुमच्या मुलीचे तसे झाले का, हे तिला विचारा. पण हा प्रश्न आठ दिवसांनी विचारा.

भूमिका ठरण्यामागे याखेरीज अशी कारणे असतात की ज्यांचा गुणवत्तेशी फारसा संबंध नसतो. अर्जुनाचे काम करणारा गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गात असेल आणि मुलीची पट्टी काळी पाच असेल, तर दोघांच्या लागोपाठच्या पदांत ऑर्गनवाल्याची आणि तबलजीची कसरत होते. दोघांच्या उंचीचा मेळही पाहिला जातो. हौशी संस्थेतील बहुतेक मंडळी नोकरी करून संध्याकाळी ठाणे स्टेशनला उतरतात आणि तिथून थेट तालमीला येतात. त्यामुळे रोज रात्री उशिरापर्यंत कोण थांबू शकेल आणि परीक्षेच्या महिन्यात कोण गळेल, याचाही हिशेब दिग्दर्शकाला करावा लागतो.

आता भाचीविषयी. हौशी संस्थांत वशिला नसतो, असे मी म्हणणार नाही, तो असतो. मात्र एका ऑडिशनवरून तो सिद्ध होत नाही. ही संस्था दोन-तीन नाटकांत सलग घरच्याच माणसांना पुढे करते आहे असे दिसले, तर खुशाल दुसरी संस्था शोधावी. ठाण्यात गडकरी रंगायतनच्या आणि वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या आसपास नाटकवेड्या मंडळींची वाण नाही.

दिग्दर्शकांशी तुम्ही बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अठरा वर्षांच्या मुलीच्या भूमिकेसाठी आईचा फोन गेला, तर पुढच्या नाटकाच्या वेळी तिचे नाव घेताना लोक दोनदा विचार करतील. तिने स्वतः तालमीच्या आधी किंवा नंतर, चारचौघांत नव्हे, इतकेच विचारावे : ‘सर, पुढच्या वेळेसाठी मी कशावर मेहनत घेऊ?’ ‘मला का घेतले नाही?’ या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर मिळते. पहिल्या प्रश्नाला बहुधा कामाचे उत्तर मिळते. घरात तुम्ही ‘तूच तिच्यापेक्षा छान गातेस’ असे म्हणत असाल, तर तेही काही दिवस थांबवा. त्या वाक्याने तिचे दुःख हलके होत नाही, उलट अन्याय झाल्याची भावना पक्की होते. रियाजाचा आग्रहही आठवडाभर धरू नका.

नांदी आणि चार वाक्ये तिने स्वीकारावीत, असे मला वाटते, आणि ते संस्थेवर उपकार म्हणून नव्हे. छोट्या भूमिकेतल्या मुलीला विंगेत बसून सुभद्रेच्या प्रवेशांची प्रत्येक तालीम पाहता येते, गद्यातून पदात कसे जायचे हे दिग्दर्शक दुसरीला शिकवत असताना ते फुकट शिकता येते, आणि सगळी पदे पाठ असली तर ऐनवेळी कोणी आजारी पडल्यास उपयोगी पडता येते. अर्थात ती फुगून बसणार असेल, तर सरळ नकार कळवणे बरे. न सांगता तालमीला जाणे बंद करणे मात्र नाट्यवर्तुळात कोणी विसरत नाही.

नाट्यशिक्षणाचा निर्णय या एका ऑडिशनवर ठरवू नका. ती तालमीत काय करते, त्यावर ठरवा. दुसऱ्याच्या प्रवेशाच्या वेळी ती मोबाईल पाहते की संहिता, चूक दाखवली की पुन्हा करून बघते की स्पष्टीकरण देत बसते, हे तीन-चार महिन्यांत तुम्हाला आणि तिलाही कळेल. बी. कॉम. पूर्ण करावेच. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील थिएटर आर्ट्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असो, पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्र असो किंवा दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय असो, सगळीकडे जागा मोजक्या असतात आणि प्रवेश निवडीनेच होतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला तर पदवीबरोबर नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो, आणि सखीची भूमिकाही अनुभवातच मोडते. पुढे व्यावसायिक रंगभूमीवर नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते. प्रयोग नसले की पैसेही नसतात, म्हणून गाणे शिकवणे, डबिंग किंवा वाणिज्याच्या पदवीवर मिळणारी नोकरी यांपैकी काहीतरी हाताशी असावे लागते. आई-वडिलांनी हे आर्थिक गणित मुलीसमोर मांडावे. ते भूमिका न मिळण्यापेक्षा कितीतरी अधिक विचार करण्याजोगे आहे.

होकार कळवण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्या. ठाण्याहून घणसोलीला परतण्यासाठी ट्रान्स-हार्बरची कोणती गाडी शेवटची धरायची, त्या मार्गावर संस्थेतील आणखी कोणी येते का आणि त्यासाठी तालमीतून किती वाजता निघावे लागेल, हे मुलीने दिग्दर्शकांना पहिल्याच दिवशी सांगावे.