‘रन’चे अर्थ पाठ करू नकोस

प्रिय मुली,

इंग्रजीतल्या ‘रन’ या शब्दाचे अर्थ वहीत उतरवून तू रोज पाठ करतेस, हे वाचलं. मेहनत खरी आहे, पण चुकीच्या जागी जाते आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. इतके अर्थ कुठल्याही इंग्रज माणसाला पाठ नसतात.

मग त्याला कळतं कसं? तुला ‘लागणे’ कळतं तसंच. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, आमटी खारट लागते, पोरगं कामाला लागतं, आणि ‘तो तुझा कोण लागतो?’ असंही आपण विचारतो. यातलं काहीच तुला कुणी शिकवलं नाही. शेजारच्या शब्दावरून तू ओळखतेस. इंग्रजीतही आधी कर्ता बघ, मग कर्म आहे का ते बघ.

‘हर नोज इज रनिंग’ म्हणजे तिचं नाक वाहतंय. वाहण्याचा हा अर्थ नंतर चिकटलेला नाही, फार जुना आहे. जर्मनमधलं ‘रिनेन’ हे याचंच भावंड, आणि त्याचा अर्थ आजही वाहणं असाच आहे. हे एकदा लक्षात आलं की धुताना कपड्याचा रंग ‘रन’ का होतो, नदी ‘रन’ का होते, हे वेगळं शिकावं लागत नाही. मग यंत्रं आली. गाड्या, गिरण्या, शेवटी संगणकावरचे प्रोग्राम, सगळं ‘रन’ व्हायला लागलं. कर्म जोडलं की माणूस दुकान ‘रन’ करतो, म्हणजे चालवतो. इथे आपलं ‘चालणे-चालवणे’ छान जुळतं.

पण जुळतं म्हणून सगळीकडे तेच लावू नकोस. भाषांतरात मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच. ‘शी इज रनिंग फॉर सेनेट’चं ‘ती सिनेटसाठी धावत आहे’ असं केलेलं मी छापील मजकुरात वाचलं आहे. आपल्याकडे माणूस निवडणुकीला उभा राहतो. गंमत म्हणजे ब्रिटिश इंग्रजीतही तो उभाच राहतो, ‘स्टँड’ होतो. पळतो तो अमेरिकेत. ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ म्हणजे साखर संपली. घरात त्याहून जास्त कुणी बोलत नाही, तूही लिहू नकोस. ‘डायबेटिस रन्स इन द फॅमिली’ला मात्र ‘मधुमेह घराण्यातच आहे’ म्हण. तिथे मराठीला क्रियापदाची घाई नाही. ‘द लीज हॅज टू इयर्स टु रन’ला भाडेकराराची दोन वर्षं बाकी आहेत. पाहिलंस ना, एकाही ठिकाणी ‘धावणे’ आलं नाही. क्रिकेटमध्ये येतं, तेही धाव म्हणून.

तेव्हा ती यादी बंद कर. वाचताना ‘रन’ आला की अख्खं वाक्य उतरव, आणि त्याखाली तुझी आई तेच कसं म्हणाली असती ते लिही. कोश नंतर उघड, ताडून बघायला.

सुरुवातीला ही तीन घे: ‘द बॅटरी रॅन डाउन’, ‘ही रॅन अप अ बिल’, ‘दे रॅन थ्रू द सीन’. शेवटचं नाटकाच्या तालमीतलं आहे. रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर